तिसऱ्या रांगेचा हिशेब

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात एकाच दिवशी दोन मार्ग पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. एक, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा. दुसरा, सीताबर्डीहून प्रजापतीनगरकडे जाणारा मेट्रोचा टप्पा. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापल्या, परंतु धरमपेठेत राहून इतवारीत अथवा गांधीबागेत पेढी चालविणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या दोन घटनांचा अर्थ परस्परांना जोडलेला आहे. शंकरनगर चौकात मेट्रोत बसून अग्रसेन चौकात किंवा चितार ओळीत उतरणे शक्य झाल्यापासून दुकानात जाण्यासाठी गाडी काढण्याची गरज कमी झाली. आणि समृद्धीमुळे कारंजा, शिरपूर, शिर्डी, नाशिक येथपर्यंत स्वतःच्या गाडीने जाण्याचा मोह वाढला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा सुरू होऊन मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हा हा मोह आणखी बळावला. घरच्या गाडीचे रोजचे काम घटले आणि वर्षातून मोजक्या वेळा करायचे मोठे काम वाढले. नवी गाडी निवडताना मात्र बहुतेक घरांत अजून जुनाच प्रश्न आधी विचारला जातो : ॲव्हरेज किती देते?

तो प्रश्न चुकीचा नाही. पण तो पहिला नव्हे.

एकत्र कुटुंबाच्या गाडीचा इतिहास महाराष्ट्रात फार जुना नाही. ॲम्बॅसडरमध्ये आठ माणसे बसविण्याचे कसब एका पिढीला होते. मांडीवर मुले आणि पायांशी डबे ठेवून रामटेक गाठले जात असे. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या व आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतर २००० साली क्वालिस, २००२ साली नाशिकमध्ये तयार होणारी स्कॉर्पिओ, २००५ साली इनोव्हा आणि २०१२ साली अर्टिगा आली. यांपैकी काही खऱ्या अर्थाने एसयूव्ही आहेत, काही नाहीत. बाजारात आता उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला एसयूव्ही म्हणण्याची रीत पडली आहे. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. कुटुंबाला हवी असते ती जागा, आणि ती नावावरून मिळत नाही.

धरमपेठेतील एखादे सर्वसाधारण व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडे, आणि सणावारी माहेरी आलेली मुलगी. माणसे सात होतात. गाडीही सात आसनांची. म्हणजे हिशेब जुळला असे वाटते. पण तिसरी रांग उभी केल्यावर डिकीत काय उरते, हे शोरूममध्ये क्वचितच दाखविले जाते, कारण तेथे ती रांग नेहमी पाडून ठेवलेली असते. चार मीटरच्या आत बसविलेल्या ट्रायबरमध्ये सर्व आसने उभी असताना ८४ लिटर जागा राहते; एवढ्यात दोन हातपिशव्या मावतात. अर्टिगात २०९ लिटर आणि इनोव्हा हायक्रॉसमध्ये सुमारे ३०० लिटर. आता चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाचे प्रवासी सामान आठवावे : सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून बरोबर घेतलेले डबे, उकळलेल्या पाण्याची भांडी, पूजेच्या वस्त्रांची वेगळी पिशवी, आजोबांची औषधे, मुलांचे कपडे. हॉटेलात थांबून भागविणाऱ्या कुटुंबापेक्षा हे सामान बरेच अधिक असते. सात माणसे आणि सात माणसांचे सामान अशी दोन्ही ओझी एकाच वेळी वाहणारी गाडी वीस लाखांच्या आत जवळजवळ नाहीच. मग वर कॅरियर बसविले जाते, त्याने हवेचा रोध वाढतो आणि ज्या ॲव्हरेजसाठी गाडी घेतली ते पहिल्याच यात्रेत खाली येते.

तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हा याहून नाजूक प्रश्न. गुडघे दुखणाऱ्या आजींना तेथे पोहोचता येत नाही, आणि साडी नेसलेल्या स्त्रीला मधली सीट दुमडून वाकत आत जाणे अवघड जाते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेल्या सहा आसनी गाडीत मधून वाट मिळते, पण एक आसन कमी होते. स्कॉर्पिओ-एनसारख्या चासीवर उभारलेल्या गाडीत पहिली पायरीच उंच असते. हायक्रॉस किंवा अर्टिगा यांची फरशी त्या मानाने खाली आहे. वृद्ध माणूस उभा असताना सीट त्याच्या कमरेच्या पातळीला यावी. तेव्हा तो चढतही नाही, उतरतही नाही, फक्त बसतो. ही मोजणी करण्यासाठी कोणत्याही पत्रकाची आवश्यकता नसते, आजींनाच शोरूममध्ये न्यावे लागते. बहुतेक घरांत मात्र गाडी पसंत करायला तरुण मुले जातात आणि आजी तिला पहिल्यांदा पाहतात ती नारळ वाढविताना.

आता ॲव्हरेजकडे वळावे. गाडीच्या जाहिरातीत दिलेला आकडा प्रमाणित चाचणीतून येतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठेवून, ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-अधिक करून ती घेतली जाते. आजवर वापरल्या गेलेल्या या वेळापत्रकात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेथे वातानुकूलन बंद ठेवून कोण फिरणार? समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९० वरून १२० वर गेल्यास तो पावणेदोन पटींहून किंचित अधिक होतो. उंच, रुंद, सपाट तोंडाच्या गाडीला हा भुर्दंड सेडानपेक्षा जास्त बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी आहे. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला अनुकूल असले, तरी लिटरमागची ऊर्जा कमी ती कमीच. या सर्वांचा अर्थ इतकाच की अर्टिगाचे २०.५१ किंवा हायब्रिड हायक्रॉसचे २३.२४ हे आकडे दोन गाड्यांची परस्पर तुलना करण्यासाठी उपयोगी आहेत. घरचा पेट्रोलखर्च काढण्यासाठी नाहीत.

हायब्रिडचा प्रश्न सध्या व्यापारी घरांत सर्वाधिक चर्चिला जातो, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडणे इष्ट. या गाडीत इंजिनाबरोबर विजेची मोटार व लहान बॅटरी असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि गर्दीत गाडी पुष्कळ वेळ इंजिन बंद ठेवून चालते. म्हणून तिचा फायदा थांबत-चालत जाणाऱ्या शहरी वाहतुकीत मोठा, आणि एकसारख्या वेगाने धावणाऱ्या महामार्गावर त्या मानाने लहान असतो. मेट्रोमुळे शहरातील धाव कमी झालेल्या कुटुंबासाठी हा पहिलाच विरोधाभास आहे.

हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल आणि हायब्रिड आवृत्तींत सुमारे सहा लाखांचे अंतर धरावे. साधी गाडी लिटरला १० आणि हायब्रिड १६ किलोमीटर देते असे मानावे. पेट्रोल १०५ रुपये लिटर. वर्षाला १२,००० किलोमीटर धाव असेल तर साधीला १,२०० लिटर लागतील, हायब्रिडला ७५०. वाचले ४५० लिटर, म्हणजे ४७,२५० रुपये. सहा लाख या वेगाने वसूल व्हायला पावणेतेरा वर्षे लागतात. आणि हे बिनव्याजी. त्या सहा लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच ५४,००० रुपये होते. म्हणजे इंधनातील बचत व्याजालाही पुरत नाही. हीच धाव वर्षाला ३०,००० किलोमीटर असेल, तर बचत १,१८,००० रुपयांच्या घरात जाते आणि चित्र पालटते. अमरावती, चंद्रपूर, गोंदिया अशा ठिकाणी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला हायब्रिड परवडते. मुलांना शाळेत सोडणे, संध्याकाळी गोकुळपेठ बाजार आणि वर्षातून पाच-सहा यात्रा एवढाच वापर असलेल्या घराला ती परवडत नाही. महाग आवृत्तीत अधिक सुखसोयी असतात, पुनर्विक्रीची किंमतही बरी येते, हे खरे. ज्याला त्या हव्या असतील त्याने त्या सुखसोयी म्हणूनच विकत घ्याव्यात, काटकसर म्हणून नव्हे. सहा लाख रुपये पेढीच्या मालात घातले तर वर्षातून किती वेळा फिरतील, हा हिशेब इतवारीतल्या माणसाला कोणी शिकवायला नको. कराच्या बाजूनेही हायब्रिडचे पारडे पूर्वीइतके जड राहिलेले नाही : २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के आणि हायब्रिडवर ४३ टक्के कर होता, त्या दिवसापासून चार मीटरहून लांब असलेल्या या दोन्ही प्रकारांवर सरसकट ४० टक्के झाला.

डिझेलबद्दल थोडक्यात. महामार्गावर भरल्या गाडीनिशी डिझेल इंजिन अजूनही उत्तम काम करते. मॅन्युअल सफारीचा प्रमाणित आकडा १६.३ आहे, आणि एवढ्या वजनदार गाडीच्या मानाने तो चांगला आहे. मात्र बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते आणि ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून चांगल्या वेगाने, सलग धावावी लागते. धरमपेठ ते इतवारी अशा सहा-सात किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांनी ती गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचे बिल मोठे येते. आठवड्यातून एकदा तरी लांबची धाव नसेल तर डिझेलचा विचार सोडावा. सीएनजी स्वस्त म्हणून ओळखला जातो, पण नागपूरचा अनुभव वेगळा आहे. २०२२ च्या मार्चमध्ये येथे किलोमागे १२० रुपये मोजावे लागले होते. भाव उतरले तरी टाकी डिकीची जागा खाते ती खातेच, आणि यात्रेच्या गाडीला नेमकी तीच जागा हवी असते.

पेढीच्या नावावर गाडी घेतल्याने ‘जीएसटी परत मिळतो’, हा समज अजून टिकून आहे. चालकासह १३ पर्यंत आसनक्षमता असलेल्या प्रवासी वाहनावरील कराचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक आणि चालक-प्रशिक्षण हे व्यवसाय तेवढे अपवाद. गाडीच्या विम्यावरील व दुरुस्तीवरील कराचेही तसेच. आयकरात घसारा मिळतो, दर १५ टक्के. पण घरगुती वापराचा वाटा वगळावा लागतो, आणि वर्षभरात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. ३१ मार्चपासून मागे मोजल्यास ही सीमा ३ ऑक्टोबरच्या आसपास येते. धनत्रयोदशी त्याच्या नंतरच असते. तेव्हा मुहूर्तावर गाडी घरी आणणाऱ्या पेढीला पहिल्या वर्षी साडेसात टक्क्यांवरच समाधान मानावे लागते. मुहूर्ताचे मोल त्याहून अधिक वाटत असेल तर हरकत नाही. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता जो एक टक्का कर गोळा करतो, तो विवरणपत्रात मागून घेता येतो. तो मागायचा राहून जातो असे पुष्कळदा घडते. आणखी एक खाच रस्ता कराची. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के, तर कंपनीच्या नावावर २० टक्के दर आहे. पंचवीस लाखांच्या गाडीवर हा फरक पावणेदोन लाखांचा. एकट्या मालकाच्या पेढीत गाडी मालकाच्या वैयक्तिक नावावरच नोंदली जात असल्याने ही अडचण येत नाही. कंपनी असेल तर गिरीपेठेतील कार्यालयात कागद जाण्यापूर्वी सनदी लेखापालाशी बोलणे स्वस्त पडते.

कर्जाच्या मुदतीकडेही लक्ष द्यावे. पंधरा लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ३१,१०० रुपये आणि सात वर्षांचा सुमारे २४,१०० रुपये. सात हजारांनी हलका वाटणारा हा हप्ता एकूण व्याज सुमारे १ लाख ५९ हजारांनी वाढवितो. त्याशिवाय पाचव्या-सहाव्या वर्षी गाडी विकायची झाली तर कर्ज अजून फिटलेले नसते. पाच वर्षांचा हप्ता जड वाटत असेल, तर गाडीच एक पायरी मोठी निवडली गेली आहे असे समजावे.

सुरक्षिततेचे तारे आता ग्राहक आवर्जून विचारतो, ही चांगली गोष्ट. भारत एनसीएपी ही आपल्या देशाची चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. सफारीला डिसेंबर २०२३ मध्ये आणि हायक्रॉसला २०२५ मध्ये तीत पाच तारे मिळाले. दोन एअरबॅगच्या अर्टिगाला २०२४ मध्ये ग्लोबल एनसीएपीने प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा दिला होता. जुलै २०२५ पासून तिच्या सर्व आवृत्तींत सहा एअरबॅग आल्या. पण तारे मोजताना एक गोष्ट नजरेआड होते. या चाचण्यांत पुतळे पुढच्या व मधल्या रांगेत असतात आणि गाडीला मागून धडक दिली जात नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या नातवाचे डोके मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर असते, आणि त्याच्या बाबतीत ते तारे काही सांगत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष गाडीत मागे बसून पाहावे : तेथे डोक्याला टेकण आहे का, तीन बिंदूंचा पट्टा आहे का, काचेपर्यंत किती जागा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरील दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. ती गाडी देशातील उत्तम गाड्यांपैकी होती. सात आसनी गाडीत आठवा माणूस ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून बसविला, तर त्याच्यासाठी पट्टाच नसतो. आणि नोंदणीतील संख्येपेक्षा जास्त माणसे असल्यास विमा कंपनीशी वाद ओढवतो.

सीटवरील आवरणाबाबत आपल्या घरांत चौकशी होते, आणि ती नीट व्हावी. सध्या बहुतेक गाड्यांत कातडे नसून कृत्रिम आवरण असते, परंतु स्टिअरिंगच्या चाकावर व गिअरच्या मुठीवर खरे कातडे असू शकते. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न विसंबता आवृत्तीच्या नावासह लेखी उत्तर घ्यावे. नागपूरच्या उन्हाचा विचार करता साधे कापडी आवरण तसेही अधिक सुखाचे. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या काळ्या कृत्रिम सीटवर कोणी सहज बसत नाही.

राहिला प्रश्न गाडी ठेवण्याचा. धरमपेठेतील जुने बंगले जाऊन तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. एका बंगल्याच्या अंगणात आता दहा-बारा कुटुंबांच्या गाड्या मावायच्या असतात. सफारीची रुंदी १९२२ मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची १९१७, अर्टिगाची १७३५. दोन खांबांमध्ये गाडी उभी करून दार उघडायचे तर हा अठरा-एकोणीस सेंटिमीटरांचा फरक फार मोठा ठरतो. चालक बाहेर पडतो, पण आजींसाठी दार अर्धेच उघडते. यांत्रिक वाहनतळ असेल तर तेथील लांबी, उंची व वजनाची मर्यादा सोसायटीकडून लिहून घ्यावी. सराफा ओळीत आणि किराणा ओळीत मोठी गाडी घेऊन जाण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यातच ओसरतो.

म्हणून एका पर्यायाचा विचार प्रतिष्ठेचा प्रश्न न करता व्हावा. रोजच्यासाठी चार मीटरच्या आतली पाच आसनी गाडी ठेवायची, जिच्यावर आता १८ टक्केच कर आहे, आणि यात्रेसाठी चालकासह इनोव्हा भाड्याने घ्यायची. वर्षातून सहा प्रवास, प्रत्येकी ४०० किलोमीटर, असे धरले तर २,४०० किलोमीटर होतात. किलोमीटरला २० रुपये भाडे, चालकाचा भत्ता व टोल मिळून साठ हजारांच्या आसपास खर्च येईल. पंचवीस लाखांच्या गाडीवरील केवळ व्याज याच्या साडेतीन पटींहून अधिक आहे. शिवाय भद्रावतीच्या सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात घरातला कर्ता माणूस चाकामागे न बसता वडिलांशेजारी बसतो. या पर्यायाची उणी बाजूही आहे : दिवाळीच्या सुट्टीत किंवा लग्नाच्या हंगामात हवी तेव्हा गाडी मिळत नाही, आणि अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर सर्वांना एका गाडीत नेता येत नाही. ज्या घरात वृद्ध व लहान मुले दोन्ही आहेत, त्या घराने हे वजन स्वतःच तोलावे.

स्वतःचीच मोठी गाडी घ्यायची ठरली, तर चाचणीच्या फेरीसाठी सातही जणांनी जावे. डबे, पाण्याची भांडी आणि तीन मोठ्या बॅगा बरोबर न्याव्यात. तिसरी रांग उभी करून त्या डिकीत ठेवून पाहाव्यात. दुपारी दोनची वेळ घ्यावी आणि मागे बसलेल्यांपर्यंत थंड हवा पोहोचते का, हे त्यांनाच विचारावे. विक्रेता पाच मिनिटांच्या फेरीवर भागवू पाहील; अमरावती मार्गाने वाडीच्या पुढपर्यंत जाण्याचा आग्रह धरावा. परत येताना गाडी आपल्या इमारतीच्या खांबांमध्ये उभी करून चारही दारे उघडून पाहावीत, आणि टायरमधल्या हवेचा भरल्या गाडीसाठीचा आकडा दाराजवळच्या चिठ्ठीवरून वहीत उतरवून घ्यावा. रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा तो बहुधा जास्त असतो.